मगदूर पाहून एक पळी

आमच्या गावात सोमवारी औत धरत नाहीत. सोमवार बसवण्णाचा, म्हणून बैलांचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, आणि ठेवलंच कुणी तर देवळात तेल द्यायचं. किती द्यायचं ते मात्र ठरलेलं नाही. देवळाच्या आतल्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं पाच नेम लिहिलेत, त्यातला तिसरा असा आहे: "सोमवारी औत धरील त्यास मगदूर पाहून तेल. बी, बैल व चुलीची भांडी वगळून."

लग्न होऊन आले त्या आठवड्यातच मी तो वाचला आणि मामंजींना विचारलं, "मगदूर पाहून म्हणजे कसं?"

नव्या सुनेनं देवळातलं काही विचारलं याचाच त्यांना आनंद झाला होता. म्हणाले, "मगदूर म्हणजे घराचं वजन. ज्याचं घर जेवढं, त्याला दंड तेवढा. गरिबाला पळीभर, मधल्याला पावशेर, मोठ्याला शेर. आमच्या अप्पांना, माझ्या वडलांना, एकदा डबा पडला होता. आख्खा पंधरा किलोचा डबा, करडीच्या तेलाचा. आजवर गावात दुसऱ्या कुणाला पडला न्हाय."

दंड झाल्याचं कुणी इतक्या अभिमानानं सांगतं हे मला तेव्हा नवीन होतं. नंतर सवय झाली. आमच्याकडं पाहुणा आला की चहा व्हायच्या आत त्याला डब्याची गोष्ट सांगून झालेली असते.

यंदा तो नेम माझ्या हातून मोडला.

गौरीशंकर, माझा नवरा, लातूरला एका गोदामात कामाला आहे. पंधरा दिवसांतून एकदा येतो, झोपतो आणि जातो. मामंजींची लोहाऱ्यात धान्याची अडत होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती बंद केली. कुणाचं काही ठेवलं नाही, कुणाकडून काही येणं राहिलं नाही, नुसतं शटर खाली ओढून घरी आले. त्यानंतर गुडघे गेले. त्यामुळं शेताचं आता मी बघते, म्हणजे फोन करते, बी आणवते, मजूर सांगते. पण "शेत सून बघते" असं घरात कुणी म्हणत नाही. विषय निघाला तर "बघतोय आम्ही" असं म्हणतात.

ज्वारीच्या पेरणीसाठी वाफसा आला होता, जमिनीत नेमकी ओल होती. रामहरीला ट्रॅक्टरसाठी चार दिवस फोन करत होते. रविवारी रात्री त्यानं उचलला.

"वैनी, उद्या सकाळी येतो. उद्या न्हाय जमलं तर मग दहा दिवस इसरा. पलीकडल्या गावाला शब्द दिलाय."

मी "या" म्हणाले. चिन्नीला, माझ्या लेकीला, दात येत होते, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. उद्या सोमवार आहे हे डोक्यात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण ट्रॅक्टरला कुठं मान असते, असंही त्याच्या मागोमाग आलं. दहा दिवसांनी जमीन दगड झाली असती.

सकाळी अकरा महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन मी बांधावर उभी राहिले. दोन तासांत पेरणी झाली. मेंढरं घेऊन चाललेल्या सिदूभाऊंनी लांबून बघितलं, थांबले, पुन्हा चालायला लागले. मामंजींना मी सांगितलं ते संध्याकाळी, सगळं झाल्यावर. ते म्हणाले, "सोमवारी?" मी म्हणाले, "ट्रॅक्टर होता." ते म्हणाले, "हं." त्यात राग नव्हता. उलट मला वाटलं, आता किती पडतो याचा ते मनातल्या मनात अंदाज बांधायला लागलेत.

दंड किती ते पुजारी ठरवत नाही, गावही ठरवत नाही. ज्यांचा बांध आपल्या बांधाला लागतो ते ठरवतात, कारण घरात काय आहे आणि काय नाही ते त्यांनाच माहीत असतं. आमच्या पूर्वेला गजरामावशी, पश्चिमेला वीरप्पा. वीरप्पाच देवळाची झाडलोटही बघतात. तिसरे सिदूभाऊ. त्यांचा बांध नाही, पण दरवर्षी त्यांची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसतात, म्हणून त्यांना शेजारी धरलं जातं. मंगळवारी तिघं देवळात बसले. दुपारी वीरप्पा आमच्या दारात आले. मामंजी ओट्यावर टोपी घालून तयारच होते.

"ट्रॅक्टर असला म्हणून काय झालं," वीरप्पा उगीच लांबून सुरू झाले. "बैल न्हाय, पण जमीन तर सोमवारचीच ना. तेव्हा दंड हाय."

"हाय की. कोण नको म्हणतंय? किती?"

"एक पळी."

मी चहा घेऊन आले होते. मामंजींनी कप घेतला, खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. वीरप्पा चहा फुंकून फुंकून प्याले आणि गेले. मामंजी उठून आतल्या खोलीत बाजेवर आडवे झाले, भिंतीकडं तोंड करून.

तिथून ते उठेनात.

म्हणजे सकाळी तोंड धुवायला उठायचे. बाकी सगळं बाजेवर. रोज हॉटेलात चहाला जायचे, ते बंद. चिन्नीला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत म्हशी दाखवायला न्यायचे, ते बंद. ती रांगत त्यांच्या दारापर्यंत जायची, उंबऱ्याला धरून उभी राहायची आणि "आज्जा, आज्जा" करायची. हा तिचा नवा शब्द होता. आतून हूं की चूं नाही. ताटातली अर्धी भाकरी परत यायची.

अत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "तुझ्यामुळं झालं म्हणत न्हाय मी. पण झालं."

बुधवारी मी ताट घेऊन गेले तेव्हा ते भिंतीशीच बोलल्यासारखं बोलले. "अप्पांना डबा. मला एकदा पावशेर पडला होता, दुकान चालू होतं तेव्हा. आता पळी. पळी कुणाला लावतात ठावं हाय का? ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटंल का न्हाय त्याला."

"मामंजी, कमी पडला ते बरंच झालं की."

"तुला न्हाय कळायचं ते. वीरप्पाला सांग, देईन तर डबा देईन. न्हायतर काहीच न्हाय."

मी गौरीशंकरला फोन केला. मागं गोदामात पोती टाकल्याचे आवाज येत होते. तो म्हणाला, "मग दे ना डबा एक पाठवून. पैसे टाकतो. म्हाताऱ्याचं समाधान." मी वीरप्पांकडं गेले तर त्यांनी हात जोडले.

"डबा घेता येत न्हाय. आज तुमी पळीच्या जागी डबा दिला, की उद्या दुसऱ्या कुणाला पळी पडली तर त्यानं काय तोंड दाखवायचं? ठरलं त्याच्यापेक्षा कमी घ्यायचं न्हाय, जास्तबी न्हाय. आधीपासून असंच हाय."

आता यात अडचण अशी की पुढच्या सोमवारी चिन्नीचं जावळ होतं, त्याच देवळात. अकराव्या महिन्यात काढलं नाही तर आमच्याकडं थेट तिसऱ्या वर्षी काढतात. मुरूमहून माझा भाऊ मल्लिकार्जुन यायचा होता, त्याच्या मांडीवर बसवून काढायचं. पन्नासेक माणसांना सांगून झालं होतं. आणि घरात तेल द्यायचं राहिलेलं असताना त्या घरचं माणूस देवळाच्या पायऱ्या चढत नाही. कुणी अडवत नाही, आपणच चढत नाही.

"तुम्ही करा जावळ," मामंजी म्हणाले. "पळीबी तुम्हीच घाला. मी येणार न्हाय. पळीवाल्या घरचा म्हातारा म्हणून पाहुण्यांत बसू व्हय मी?"

त्यांची पाठ बारीक झालेली दिसत होती. बंडीवर घामाचा नकाशा वाळलेला. याच माणसानं माझ्या बाळंतपणात अत्याबाई आजारी असताना, दाराआडून का होईना, रोज डिंकाचा लाडू खाल्ला का म्हणून विचारलं होतं. मला त्यांचा राग करता येत नव्हता. त्यांना उठवताही येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चिन्नी झोपली तेव्हा मी गजरामावशींकडं गेले. मावशींचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली. चार एकर त्या एकट्या करतात. गावात त्यांना घाबरतात आणि नड पडली की त्यांच्याकडंच जातात. दारात उडीद पाखडत बसल्या होत्या.

"ये. पोरगी कुठं हाय?"

"झोपलीय. उठायच्या आत जायचंय."

"मग बोल बिगी बिगी. पोरगं उठलं की बाईचं बोलनं अर्ध्यातच ऱ्हातंय."

"मावशी, दंड वाढवून द्या."

सूप हवेतच थांबलं. "काय म्हनलीस?"

"आमचा दंड. पळी लई कमी झाली. निदान पावशेर तरी करा. शेर केला तर उपकार होतील."

मावशी हसायला लागल्या. उडदाचा फोलपाट त्यांच्या पदरावर उडाला. "इतकी वर्सं बसते म्या दंड लावायला. कमी करा म्हनून पाया पडल्याली मानसं बघितली. रामहरीचा बाप तर रडला हुता. वाढवा म्हनून आल्याली तूच पयली. काय, डोक्याला ऊन लागलंय व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. बाज, भिंत, अर्धी भाकरी, डबा, सोमवारचं जावळ. त्या ऐकत होत्या. मधेच त्यांचे डोळे बारीक झाले.

"थांब. तुझ्या सासऱ्याला, म्हांतप्पाला, काय झालं पर? त्याला कुठं पडलाय दंड?"

"मग?"

"तुला पडलाय की."

मी उंबऱ्यावरच बसले.

"ट्रॅक्टरवाल्याला फोन कुनी केला? तू. बांधावर कोन हुतं? तू. म्हांतप्पाला ठाव तरी हुतं का? सांजच्याला कळलं त्याला. वीरप्पा म्हनत हुता घराला लावा. म्या म्हनलं, भितीवर काय लिवलंय ते वाच. औत धरील त्यास. घर औत धरतंय व्हय? मानूस धरतंय. आजवर बाप्यांनीच धरलं म्हनून बाप्यांना लावला. आवंदा तू धरलंस, तुला लावला. त्या वीरप्पाच्या तोंडात धड बोलनं न्हाय, त्यानं दारात जाऊन काय सांगितलं कुनास ठाव."

"पण पळी, मावशी? मगदूर म्हणजे घराचं वजन ना?"

"हे कुनी सांगितलं?"

"मामंजींनी."

"त्यो सांगनारच." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मगदूर म्हंजी वजन न्हाय पोरी. माझ्या सासऱ्यानं मला सांगितलं हुतं, त्योबी बसायचा दंड लावायला. मगदूर म्हंजी, दुसऱ्या कुनालाबी न इचारता मानसाला आपल्या हातानं जे देता येतं ते. तेवढंच घ्यायचं. जे दिल्यावर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतंय ते घ्यायचं न्हाय. म्हनून तर बी सोडलंय, बैल सोडल्यात."

मला पुढचं कळायला लागलं होतं. तरीही विचारलं, "मग माझी कशी काढली?"

"बसलो की तिघं. वीरप्पा म्हनला, दहा एकर हाय. म्या म्हनलं, सातबारा कुनाच्या नावावर? म्हांतप्पाच्या. मग म्हनला, पगार हाय. पगार गौरीशंकरचा. दागिनं? ते तुझ्या सासूच्या, नागम्माच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरंला. दुधाचं पैसं? डेअरीचं पुस्तक नागम्माचं. सिदू म्हनला, म्हायेरचं काय आसंल. म्या म्हनलं, माहेरला फोन करायचा म्हंजी इचारनंच आलं की." मावशी थांबल्या. "लई वेळ गप बसलो बघ. काय सापडंना. मग म्या म्हनलं, भाजीला फोडनी देताना तर कुनाला इचारत नसंल. तेवढी पळी तिची. ती लावा."

अत्याबाई महिन्याच्या पहिल्या दिवशी तेलाच्या बरणीवर खडूनं रेघ ओढतात, हे मी मावशींना सांगितलं नाही.

"सिदू काय म्हनला ठाव हाय का? म्हनला, आमच्या घरच्या बाईला तर तेवढीबी निघायची न्हाय." त्या पुन्हा पाखडायला लागल्या. "वाढवायचा आसंल तर एक कर. कोंबड्या पाळ."

"मावशी."

"व्हय, तुमच्यात चालत न्हाय. मग शेरडी पाळ. तुझ्या नावानं. दोन पिल्लं झाली की पुढल्या टायमाला पावशेर लावते, तुझ्या मनासारखा."

मी घरी निघाले. चार दिवस मी समजत होते की अपमान मामंजींचा झालाय आणि तो मला उतरवायचाय. तिकडं तीन माणसं देवळाच्या फरशीवर मांडी घालून बसली होती आणि कपाट, किल्ली, डेअरीचं पुस्तक असं करत त्यांनी माझं सगळं बघून घेतलं होतं. वाईट बुद्धीनं नाही. मला जड जाऊ नये म्हणून. बी कोणतं घ्यायचं, मजूर किती लागतील, वाफसा कधी मोडेल, हे मला कळतं. उमरग्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेय. आणि शोधून शोधून एक पळी सापडली. राग यायला हवा होता, पण रागासाठीसुद्धा माणसाची झोप झालेली लागते. घरात शिरले तेव्हा चिन्नी उठून बसली होती. मला बघून रडायची थांबली आणि नंतर जास्तच रडली.

मी एक दिवस काहीच सांगितलं नाही.

सांगितलं की मामंजी उठणार, हे मला दिसत होतं. आणि ते कसे उठणार, तेही दिसत होतं. गावभर जे बोललं जाणार, तेसुद्धा. रात्रभर पोरीला थोपटताना मी दुसरा काही रस्ता निघतो का ते बघितलं. निघाला नाही. शनिवारी दुपारी ताट घेऊन खोलीत गेले. चिन्नी पाठोपाठ रांगत आली आणि फरशीवर वाटी आपटत बसली.

"मामंजी, तो दंड तुम्हाला पडलेला नाही."

चिन्नीनं वाटी पुन्हा आपटली.

"मला पडलाय. ट्रॅक्टर मी बोलावला म्हणून. घराचं काही बघितलंच नाही त्यांनी."

बाज करकरली. त्यांनी मान वळवली. "कोण म्हणलं?"

"गजरामावशी."

"तुला?"

"हो."

"एकटीला?"

"हो."

ते उठून बसले. माझ्याकडं बघत राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा सुटत गेला, पोत्याची सुतळी सोडल्यासारखा. "मग बरोबर हाय की," ते म्हणाले. "तुला पळीच पडणार. पळी म्हणजे तशी जास्तच झाली." मग स्वतःशी हसले. "तो वीरप्पा एक बावळट. दारात येऊन म्हणतोय एक पळी. कुणाला ते सांगायला नको? भाकरी गरम हाय का गं?"

यात काही दुष्टपणा नव्हता. म्हणूनच मला हातातलं ताट खाली ठेवायला जरा वेळ लागला.

अडीच भाकरी खाल्ल्या त्यांनी. शेंगाची चटणी दोनदा मागितली. चिन्नीच्या तोंडात भाकरीचा मऊ तुकडा घालत तिला सांगत होते, "घराला लावला असता तर डबाच लावावा लागला असता त्यास्नी. व्हय का न्हाय?" मी "हो" म्हणाले. ते समाधान त्यांच्याकडून काढून घ्यावं असं मला वाटलं नाही. ते काढून मला काय मिळणार होतं?

स्वयंपाकघरात अत्याबाई परातीतलं पीठ झाडत होत्या. भिंत पातळ आहे, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता काहीतरी टोचतील. त्या परात भिंतीला टेकवून म्हणाल्या, "मला कधी पडला न्हाय."

"तुम्हाला कशाला पडेल अत्याबाई?"

"ह्यांना पावशेर पडला होता ना, दुकान चालू होतं तेव्हा. ते औत मी धरायला लावलं होतं. हे लोहाऱ्याला. आभाळ भरून आलेलं, काढलेली तूर रानात. गड्याला मी म्हणलं, सोमवार असू दे, जू ठेव आणि गाडी आण. तूर वाचली. दंड ह्यांना पडला." त्या हातावरचं पीठ एकेका बोटावरून पुसत होत्या. "ह्यांनी मला लई बोलून घेतलं. आणि पुढं वर्षभर गावात पावशेर मिरवला. माझं नावसुद्धा न्हाय कुठं."

मी रिकामं ताट मोरीत ठेवलं.

"चाळीस वर्षं झाली ह्या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "तुला दोन वर्षांत पडला."

आणि पाठ वळवून चुलीकडच्या डब्यांत काहीतरी शोधायला लागल्या.

रविवारी दिवेलागणीला तेल घालायचं होतं. रीत अशी की ज्याला दंड पडला त्यानंच न्यायचं, आपल्या हातात, झाकण नसलेल्या भांड्यात, सगळ्यांना दिसेल असं. शेर-पावशेरवाले तांब्यातून नेतात. मला पळीच हातात धरून चालायचं होतं. अत्याबाईंनी स्वतः ती बरणीत बुडवून काठोकाठ भरली आणि माझ्या हातात दिली. चिन्नी माझ्या कमरेला बिलगलेली. मामंजी ओट्यावरून उठले. धुतलेलं धोतर, टोपी. "दे तिला इकडं," म्हणाले. "दंड भरताना मधी पोर नको."

ते तिला घेऊन पुढं, मी मागं. आमच्या घरापासून देऊळ म्हणजे दोनशे पावलं असतील. पण पळीभर तेल सांभाळत चाललं की वाटेतला एकेक खडा कळतो. हॉटेलसमोर पाच दिवसांनी मामंजी दिसले म्हणून लोक हाका मारायला लागले. ते मुद्दाम थांबले.

"आमच्या सुनबाईला पडलाय. पळी."

"आं? बाईला?"

"मग. औत धरलं तिनं."

हॉटेलवाले हरिबा कढईपाशी बसले होते. ते म्हणाले, "वैनी, निघालावच हाय तर इकडं घाला की. भज्याला कमी पडलंय."

सगळे हसले. मामंजीही हसले, पण लगेच म्हणाले, "हसवू नका तिला. हात हालंल."

हात हललाच. चौकात एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला, मी दचकले, आणि तेल काठावरून बोटांवर, बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. थोडं साडीवर, थोडं मातीत. मी जागीच थांबले. पळीत किती उरलंय ते बघायलासुद्धा मान खाली घालायची भीती वाटली. मामंजी पुढं निघून गेले होते. त्यांच्या खांद्यावरून चिन्नी मागं माझ्याकडं बघत होती, टाळूवरचं तिचं ते बारीक जावळ वाऱ्यानं उभं राहिलेलं. मी पुन्हा चालायला लागले.

देवळाच्या पायरीवर तिघंही बसले होते. वीरप्पा माझी नजर चुकवत होते. गजरामावशी उठून आत आल्या. मी दगडी दिव्यात पळी वाकडी केली. तेल एका घोटाएवढंच होतं, लगेच संपलं.

"सांडलं व्हय वाटंत?" मावशींनी माझ्या मनगटाकडं बघत विचारलं.

"चौकात. थोडं." मी मनगट पदराला पुसलं. "घरून परत आणू का?"

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तेवढं सांडनार हे धरूनच लावली हुती."

मामंजींनी चिन्नीला उंच करून घंटेला हात लावायला दिला. तिला घंटा जमली नाही, तिनं दोरी तोंडात घातली. उद्या मल्लू पहिल्या जीपनं येणार होता. पन्नास माणसांची कणीक मळायची होती. हुग्गीच्या खिरीचे गहू भिजत घालायचे राहिले होते. मी बाहेर येऊन खालच्या पायरीवर बसले. वारा येत होता. हाताला करडीच्या तेलाचा वास. मेंढरांच्या मागं जायला निघालेले सिदूभाऊ माझ्यापाशी थांबले.

"वैनी," ते म्हणाले, "ठेवा की आता खाली ती."

पळी अजून माझ्या हातातच होती, सरळ धरलेली, जरासुद्धा कलू न देता.